ऊब, हवा आणि एकवीस दिवस

खुडूक कोंबडी ओळखायला फार अनुभव लागत नाही. ती अंडी घालायची थांबते, टोपली सोडत नाही, कोणी जवळ गेले की पिसे फुलवून घोगरा आवाज काढते आणि हात पुढे केला तर सणसणीत चोच मारते. तिच्या पोटाखाली हात सरकवला तर तिथली पिसे झडून उघडी पडलेली कातडी हाताला लागते. ती चांगलीच गरम असते, कारण या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. पिसांचा अडसर गेल्यामुळे कोंबडीच्या अंगची ऊब थेट अंड्यापर्यंत पोहोचते. पुढचे २१ दिवस ती दिवसातून एखाद-दोन वेळा दहा-वीस मिनिटांपुरती उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घुसळते आणि परत येऊन बसते. बसता बसता चोचीने अंडी सरकवते; कडेची आत, आतली कडेला.

पक्षी उबवण्याचा छंद ज्याला लागला, त्याचा सगळा अभ्यासक्रम या एका परिच्छेदात आला. पाळायची कोंबडी असो, बदक, टर्की, जपानी लावा, गिनी फाउल किंवा सोनेरी फेझंट असो, उबवणयंत्राला शेवटी या टोपलीतल्या बाईचेच काम करायचे असते. यंत्र बाजारात मिळते. ती नेमके काय करते आणि का करते, हे मात्र ज्याचे त्याने समजून घ्यावे लागते. बहुतेकांची पहिली खेप फसते ती इथेच. अंड्याला ऊब हवी एवढेच त्यांना ठाऊक असते. प्रत्यक्षात ऊब, हवा, ओल आणि हालचाल या चारही गोष्टी लागतात, आणि त्यातली एक चुकली तरी बाकीच्या तीन वाया जातात.

हे कोंबडीविना साधण्याची खटपट फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या बांधून हजारो अंडी एका वेळी उबवली जात. वरच्या मजल्यावर शेण आणि पेंढा धुमसत ठेवायचा, खाली अंडी पसरायची, आणि माणसांनी आत शिरून ती हातांनी फिरवायची. तापमापक नव्हता. उबवणारा अंडे उचलून स्वतःच्या पापणीला टेकवायचा आणि ऊब कमी की जास्त ते सांगायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात राहिली आणि अशा काही भट्ट्या एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिल्या. युरोपातल्या अभ्यासकांना या भट्ट्यांचे मोठे कुतूहल होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने घोड्याच्या लिदीच्या उबेवर पिंपांत अंडी उबवण्याचे प्रयोग केले आणि १७४९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. तापमान आपोआप सांभाळणारी भरवशाची यंत्रे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली.

आज महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत दिसणारे हौशी यंत्र अगदी साधे असते. मासे किंवा औषधे पाठवण्याची थर्मोकोलची पेटी, एक-दोन साधे दिवे, जुन्या संगणकातला छोटा पंखा, तापमान पाहून दिवा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. हवा खेळवणारा पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस हे कोंबडीच्या अंड्यासाठी योग्य तापमान. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीवर ते एखाद अंशाने जास्त ठेवतात. या पेटीतून उत्तम पिल्ले निघतात. महागड्या यंत्रातून पिल्ले न निघाल्याची उदाहरणेही तितकीच आहेत.

अंड्याला थंडीपेक्षा गरमीचा धोका अधिक असतो. कोंबडी रोज उठून जातेच. त्या वेळात अंडी निवतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. म्हणून तास-दोन तास वीज गेली तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. पेटी न उघडता वर गोधडी टाकली की बहुधा निभावते. तापमान चाळिशीच्या वर जाऊन काही तास तिथेच राहिले, तर मात्र आतला जीव टिकत नाही. इथे विदर्भ-मराठवाड्यातल्या हौशी मंडळींची खरी अडचण सुरू होते. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४३-४४ अंश असताना दिवा बंद असूनही अंडी शिजत राहतात. शिवाय यंत्रात ठेवण्याआधी साठवलेली अंडीही उन्हाळ्यात दगा देतात. हवा एकवीस-बावीस अंशांच्या वर गेली की फलित अंड्यातली वाढ अर्धवट सुरू होते, पुरेशी ऊब न मिळाल्याने खुंटते आणि जीव तिथेच संपतो. माठाजवळच्या गार कोपऱ्यात, रुंद टोक वर ठेवून, सात दिवसांच्या आत अंडी यंत्रात घालावीत हे त्यासाठीच. ती धुऊ नयेत. कवचावरचा जंतूंना अडवणारा पातळ थर धुतल्याने निघून जातो. हंगामाचे म्हणाल, तर दिवाळी ते होळी हा काळ आपल्याकडे उबवणीला सर्वांत सोयीचा.

ओलीचे गणित त्याहून नाजूक आहे. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन साधारण बारा टक्क्यांनी घटायला हवे. म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. घटलेल्या पाण्याच्या जागी रुंद टोकाला हवेची पोकळी तयार होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते, आतली ओल आटत नाही आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवच न फोडताच मरते. पाणी जास्त उडाले तर आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळतो आणि पिल्लू त्यालाच चिकटून बसते. पुस्तके सांगतात, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा. पण रत्नागिरीत आषाढात बाहेरचीच हवा नव्वदीला टेकलेली असते, तेव्हा वाटीत पाणी घालणे म्हणजे पिल्लू बुडवणे. सोलापुरात जानेवारीत वाटी दोनदा भरली तरी पुरत नाही. म्हणून मुरलेला हौशी माणूस पुस्तकातल्या आकड्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर विश्वास ठेवतो. दर चार-पाच दिवसांनी दोन-तीन खुणेची अंडी तोलायची, घट कमी दिसली तर पाणी कमी करायचे, जास्त दिसली तर वाढवायचे. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची दुसरी युक्ती या छंदात नाही.

राहिली हालचाल. अंडे एकाच कुशीवर पडून राहिले तर सुरुवातीच्या दिवसांत गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि पुढे श्वसनासाठी लागणारे रक्तवाहिन्यांचे जाळे नीट पसरत नाही. म्हणून दिवसातून किमान तीन-चार वेळा अंडी फिरवतात. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असला की कोणते अंडे फिरवायचे राहिले ते लगेच कळते. अठराव्या दिवसापासून फिरवणे बंद.

या छंदातला सर्वांत गोड क्षण सातव्या दिवशी येतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या तोंडावर अंड्याचे रुंद टोक टेकवले की आत लालसर उजेड पसरतो. मधोमध एक गडद ठिपका, त्यातून चहूकडे फाकलेल्या तांबड्या शिरा, आणि थोडा वेळ हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हललेला दिसतो. वांझ अंडे नुसतेच पिवळट उजळते. ज्यात जीव धरून नंतर मेला त्यात शिरा तुटून रक्ताचे कडे उमटलेले दिसते. असे अंडे लगेच काढून टाकावे. ते सडून फुटले तर पेटीतली बाकीची अंडीही जातात. पिल्लाचे काळीज दुसऱ्या दिवशीच धडधडू लागते. ॲरिस्टॉटलने उबवणाऱ्या कोंबडीखालची अंडी एकेक करून फोडून पाहिली होती. तिसऱ्या दिवसानंतर दिसणारा, जिवंतपणे उडणारा रक्ताचा ठिपका म्हणजे काळीज, असे त्याने नोंदवून ठेवले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आज शाळकरी मुलगा अंडे न फोडता करू शकतो.

अठराव्या दिवसानंतर घटना भराभर घडतात. पिल्लू डोके रुंद टोकाकडे वळवते, उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि विसाव्या दिवसाच्या सुमारास आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालते. आता फुप्फुसे चालू झाली. कानाजवळ अंडे धरले तर आतून चिवचिव ऐकू येते, आणि वर कोंबडी बसलेली असेल तर ती हलक्या आवाजात उत्तर देते. चोचीच्या शेंड्यावरच्या टणक दाण्याने मग कवचाला पहिला तडा जातो. त्यानंतर कित्येक तास काहीच घडत नाही आणि नवशिक्याचा धीर नेमका इथे सुटतो. पिल्लू अडकले असे वाटून तो नखाने कवच सोलतो आणि आतून रक्त येते. वरवर स्वस्थ दिसणारे ते पिल्लू त्या वेळात कवचाच्या आतल्या शिरांमधले रक्त अंगात परत घेत असते. बाहेरून मदत केली की शिरा तुटतात. तडा गेल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागणे स्वाभाविक आहे. पेटी उघडू नये, कारण उघडल्याबरोबर ओल निघून जाते आणि बाकीची पिल्ले पापुद्र्यात अडकतात. बाहेर आलेल्या पिल्लाला भुकेचीही घाई नसते. पोटात ओढलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो; एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून दूरच्या गावी धाडता येतात ती यामुळेच.

कोंबडीवर हात बसला की माणूस दुसऱ्या पक्ष्यांकडे वळतो, आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असल्याचे त्याच्या लक्षात येते. जपानी लाव्याचे अंडे सतरा-अठरा दिवसांत फुटते, फेझंटचे तेवीस ते पंचवीस, गिनी फाउलचे सव्वीस ते अठ्ठावीस. टर्की आणि साधे बदक अठ्ठावीस दिवस घेतात आणि मस्कव्ही बदक तब्बल पस्तीस.

हौशी माणसाच्या हाती या सगळ्यांत लवकर यश देणारा पक्षी म्हणजे जपानी लावा. मूठभर आकार, दहा ग्रॅमचे चितकबरे अंडे, आणि जन्मापासून सहा-सात आठवड्यांत मादी स्वतः अंडी घालू लागते. जपानात तो आधी गोड आवाजासाठी पिंजऱ्यात पाळला जाई. अंड्यांसाठी त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास विसाव्या शतकात सुरू झाली. भारतात तो १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या संशोधन केंद्रात आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पाळीव लाव्यातली उबवण्याची ओढ जवळजवळ नाहीशी झाली आहे, त्यामुळे यंत्राला पर्याय नाही. त्याची पिल्ले अगदी इवलीशी असतात आणि त्यांच्या पाण्याच्या ताटलीत खडे घालावे लागतात. नाहीतर ती बोटभर पाण्यात बुडून मरतात. लाव्याच्या कुळातले एक आश्चर्य १९६० च्या दशकात मार्गारेट व्हिन्स या ब्रिटिश संशोधिकेने उलगडले. एकमेकांना टेकलेल्या अंड्यांतली पिल्ले बाहेर येण्याआधी टिकटिक असा आवाज करतात. तो ऐकून मागे पडलेली पिल्ले घाई करतात आणि सगळी अंडी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. रानात जमिनीवरच्या घरट्यासाठी हे फार मोलाचे आहे, कारण आईला पिल्ले घेऊन तिथून लगेच निघायचे असते. हौशी माणसाला यातला धडा इतकाच, की लाव्याची अंडी पेटीत लांब लांब न मांडता एकमेकांना खेटून ठेवावीत. १९९० मध्ये ‘मीर’ या अंतराळस्थानकावरच्या उबवणयंत्रातही लाव्याचीच अंडी होती. पिल्ले बाहेर आली, पण वजन हरपलेल्या त्या जगात त्यांना पाय टेकून उभे राहता येईना आणि नीट चारा टिपता येईना.

गिनी फाउल आफ्रिकेतला. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर हाडाचे शिंग आणि कर्कश आवाज. अनोळखी माणूस, साप, कुत्रा, काहीही दिसले की कळप आरडाओरडा करतो, त्यामुळे शेतावर राखणीला त्याच्यासारखा पक्षी नाही. शेजार जवळ असेल तर मात्र तो पाळू नये. नर-मादी ओळखण्याची खूणही आवाजातच आहे. दोन तुकड्यांत मोडणारी हाक फक्त मादी देते. इज्जतनगरच्या केंद्राने त्याच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती तयार केल्या आहेत. पिल्ले पहिल्या दोन आठवड्यांत ओलीला फार हळवी असतात. पहाटेच्या दवात फिरली तर गारठून मरतात.

टर्कीचा महाराष्ट्राच्या शेजाराशी जुना संबंध आहे. मूळ मेक्सिकोतला हा पक्षी युरोपीय जहाजांतून जगभर गेला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गोव्यात उतरला. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत एक टर्की नर होता. जहांगीर बादशहा त्यावर इतका खूश झाला, की त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहिले. डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे कसे पालटतात हेही टिपले आणि चित्रकार मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीर हा हिंदुस्थानातला फार मोठा हौशी पक्षिपालक होता असे खुशाल म्हणावे. लैला आणि मजनू नावाची सारसांची जोडी त्याने पाळली होती. त्यांचे मीलन, अंडी, रात्री कोण बसते आणि दिवसा कोण, हे सगळे त्याने स्वतः पाहून लिहून ठेवले. वहीत नोंदी ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक छांदिष्टाने त्या नोंदी एकदा वाचाव्यात.

टर्कीची पिल्ले चारा ओळखायला उशीर लावतात आणि भरल्या ताटलीशेजारी उपाशी मरतात. त्यांच्यात कोंबडीचे एखादे चलाख पिल्लू सोडले की त्याचे पाहून तीही टिपू लागतात. मात्र पुढे वाढत्या वयात टर्की आणि कोंबड्या एकाच जमिनीवर ठेवू नयेत. कोंबडीला फारसा त्रास न देणारा एक परजीवी तिच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून मातीत उतरतो आणि टर्कीचे यकृत पोखरतो.

बदकांविषयी थोडक्यात. मस्कव्ही मादी स्वतः उत्तम बसते, तिला यंत्राची गरज नाही. खाकी कॅम्पबेल भरपूर अंडी देते पण बसत नाही. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पिल्ले निघतातही चांगली. पण ती पहिल्यांदा डबक्यात उतरतात तेव्हा काठावर धावत कोंबडी जो आकांत करते, तो पाहवत नाही.

पिल्लाने डोळे उघडल्यावर पहिल्यांदा कोणाला पाहिले यालाही महत्त्व आहे. शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझला आई समजून त्याच्या मागे चालणारी हंसाची पिल्ले जगप्रसिद्ध झाली आणि १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, डग्लस स्पाल्डिंगने कोंबडीच्या पिल्लांवर हीच गोष्ट दाखवली होती. घरी यंत्रातून एकुलते एक पिल्लू निघाले की ते माणसालाच आपले मानते आणि क्षणभर एकटे राहिले तरी रडते. कमीत कमी तीन-चार पिल्ले एकत्र वाढवणे हेच त्यांच्या भल्याचे. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३५ अंश ऊब द्यावी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जावी. तापमापक हाताशी नसला तरी चालेल, पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन केविलवाणी ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला पसरून चोची उघडून धापत असतील तर उष्मा. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. पाय घसरून कायमचे फाकतात. गोणपाट किंवा भाताचे तूस बरे.

एका बाबतीत मात्र यंत्राला उगाच दोष दिला जातो. अगदी आखूड पायांच्या जपानी बँटम जातीत नर-मादी दोन्ही आखूड पायांचे घेतले, तर चारपैकी सरासरी एक पिल्लू अंड्यातच मरते. आखूड पायांचा गुणधर्म दोन्हीकडून आला की तो प्राणघातक ठरतो. तापमान आणि ओल यांत कितीही सुधारणा केली तरी ही मर थांबत नाही. एक पक्षी लांब पायांचा घेतला की थांबते. शोभेच्या जाती पाळणाऱ्याने आनुवंशिकतेची एवढी तोंडओळख करून घ्यायला हवी.

आता रानपक्ष्यांविषयी, आणि इथे स्पष्ट बोलणे भाग आहे. सह्याद्रीतला करडा रानकोंबडा, माळावरचा तित्तिर, रानातला लावा आणि मोर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत. ऊसतोडीत मोराची अंडी सापडली म्हणून ती घरी आणून कोंबडीखाली ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. अशी अंडी दिसली तर वनविभागाला कळवावे. तित्तिर पिंजऱ्यात ठेवण्याची जुनी हौस आता सोडून दिली पाहिजे. असील कोंबडा जरूर पाळावा, पण झुंज लावण्यासाठी नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने ती मना आहे. परदेशी फेझंट घेणाऱ्यानेही आपली जात नोंदणीच्या कक्षेत येते का, ते खरेदीआधीच वनविभागाकडून समजून घ्यावे. २०२२ च्या दुरुस्तीने या बाबतीतले नियम कडक झाले आहेत.

तरीही हौशी उबवणीने रानपक्ष्याचे भले झाल्याचे एक ठळक उदाहरण आहे. व्हिएतनाममधला एडवर्ड्सचा फेझंट हा निळसर काळा, पांढऱ्या तुऱ्याचा पक्षी २००० सालानंतर रानात खात्रीलायकरीत्या कोणाला दिसलेला नाही. आज तो पृथ्वीवर आहे तो पिंजऱ्यांत. झां देलाकूर या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने १९२० च्या दशकात त्या प्रदेशातून पक्षी आणून नॉर्मंडीतल्या क्लेअर इथे त्यांची पिढी वाढवली आणि त्यांचा वंश प्राणिसंग्रहालये व हौशी पालकांकडे पसरला. दुसऱ्या महायुद्धात क्लेअरचा संग्रह उद्ध्वस्त झाला, पण तोवर तो वंश इतरांच्या खुराड्यांत पोहोचला होता. भारतात हिमाचलमधल्या सराहनच्या केंद्रात जुजुराणा या अतिदुर्मिळ फेझंटची पैदास होते. पण ते शासनाचे, तज्ज्ञांचे काम आहे.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसापुढे त्याच्या अंगणातले काम पडलेले आहे. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातेत ‘बुसरा’ नावाची लहान चणीची देशी कोंबडी आहे. ती चपळ असते, स्वतः चरते आणि आपली अंडी आपण उबवते. कडकनाथ या कोंबडीच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा बोलबाला झाला. बुसराकडे अजून तेवढे लक्ष गेलेले नाही. दहा घरांनी जरी शुद्ध बुसरा वेगळी राखली, तिच्या अंड्यांच्या आणि पिल्लांच्या नोंदी ठेवल्या, तर ती मोलाची कामगिरी होईल. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हेही विसरता येत नाही. म्हणून नवा पक्षी आणला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे, दुसऱ्याच्या शेडमध्ये घातलेल्या चपला आपल्या खुराड्यात नेऊ नयेत, मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच द्यावी आणि अचानक मर सुरू झाली तर पक्षी न विकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

सुरुवात करणाऱ्याने आधी यंत्र घेऊ नये. गावातून एक खुडूक कोंबडी आणि दहा ताजी गावरान अंडी आणावीत. टोपलीत पेंढा घालून ती अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात बसवावी आणि एकवीस दिवस वही घेऊन तिच्याकडे पाहावे. आणखी एक गोष्ट त्याआधी ठरवून टाकावी. निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात आणि चार-पाच महिन्यांत ती पहाटे आरवू लागतात. ते कोंबडे कुठे जाणार, कोण घेणार, की घरच्याच पातेल्यात जाणार, याचे उत्तर तयार नसेल तर अंडी टोपलीत ठेवू नयेत.